विंडोज १० चा सपोर्ट संपला, संस्थेत २३ संगणक आहेत. सुरुवात कुठून करावी?

कुळागर
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंडा तालुक्यात आमच्या संस्थेचं वाचनालय आहे. त्याला जोडून संगीताचे वर्ग, मुलांचा संगणक वर्ग आणि एक छोटं कार्यालय. १४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या येणं थांबलं. तेव्हापासून समितीच्या दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत निर्णय झाला नाही. मी सहचिटणीस आहे. समितीत संगणकातलं थोडंफार मला कळतं म्हणून हे काम माझ्याकडे आलंय.

एका विक्रेत्याने सगळे २३ संगणक बदलायचं कोटेशन दिलंय, ९ लाख २० हजारांचं. समितीतल्या काहींचं म्हणणं, शिलकीत पैसे आहेत, एकदाच काय ते घेऊन टाका. काहींचं म्हणणं, चालतंय तर हात कशाला लावायचा. मला दोन्ही पटत नाही.

गेल्या रविवारी वही घेऊन प्रत्येक संगणकापाशी बसलो. पाच संगणक २०१९ नंतरचे, एक लॅपटॉप २०२० चा. आठ आहेत इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचे. सहा चौथ्या पिढीचे, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं घेतात. उरलेले तीन त्याहून जुने.

खरी अडचण त्या तिघांतल्या एकावर आहे. सभासदांची वर्गणी आणि अनामत त्यावर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या एका प्रोग्रॅममध्ये नोंदली जाते. २००३ साली, तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या एका सभासदाच्या मुलाने तो लिहून दिला होता. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं. कार्यालयातल्या बाई, आम्ही त्यांना बाय म्हणतो, बावीस वर्षं त्यावर काम करताहेत. सभासद समोर उभा राहिला की त्या नाव विचारतात आणि नजर त्याच्याकडेच ठेवून एफ-२, तीन अक्षरं, एंटर दाबतात. तोवर खातं उघडलेलं असतं. ३२ बिटचं विंडोज १० आहे म्हणून हे अजून चालतं. विंडोज ११ ला ३२ बिटची आवृत्तीच नाही, आणि ६४ बिटच्या विंडोजवर हा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमचा, प्रोग्रॅम उघडतच नाही.

दुसरी अडचण ग्रंथयादीची. साधारण १८ हजार पुस्तकं, सगळी नावं युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर यादी उघडली की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो.

कोणी अशा फेऱ्यातून गेलं असेल तर सांगा. पैशाचं बघता येईल, ही दोन कामं मात्र मोडली तर पुन्हा उभी करायला माणसं नाहीत.

---

खारा_वारा
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.०५

कुळागर बाब, वही घेऊन बसलात हे फार चांगलं केलंत. म्हापशाला सतरा वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. बहुतेक ठिकाणी आधी कोटेशन येतं आणि मोजणी नंतर होते.

विंडोज ११ ला काय लागतं ते आधी बघा. टीपीएम २.० (चाव्या जपणारा सुरक्षेचा भाग), सिक्युअर बूट (सुरू होतानाची तपासणी), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीत बसणारा प्रोसेसर. इंटेलचा असेल तर आठवी पिढी आणि पुढची, सातवीतले अगदी मोजके. तुमचे पाच आणि लॅपटॉप बहुधा बसतील. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ने तपासा, पण त्याने ‘टीपीएम नाही’ म्हटलं तर तिथेच थांबू नका. अनेक बोर्डांवर तो असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम.

एक ठिकाण जपा. जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेलं असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असते. सिक्युअर बूट चालू करायच्या घाईत आधी बायोसमधला जुना मोड बंद केलात तर मशीन उठणारच नाही. आधी डेटाची प्रत काढा, मग विंडोजमधल्याच ‘एमबीआर टू जीपीटी’ने डिस्क बदला, आणि त्यानंतर बायोस. हाच क्रम.

यादीत न बसणाऱ्या मशीनवरही विंडोज ११ चढवून देणारे भेटतील. चढतं, मलाही येतं. पण अशा मशीनला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दुरुस्त्यांसाठीच तर हा सगळा खटाटोप. संस्थेच्या मशीनवर मी ते करत नाही.

आणि त्या सहा चौथ्या पिढीवाल्यांना भंगारात काढायच्या आधी एकदा उघडा. आपल्याकडच्या दमट हवेने आणि खाऱ्या वाऱ्याने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर बसतो. साधा पांढरा खोडरबर घेऊन हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा, चुरा ब्रशने झटका आणि परत बसवा. चार महिन्यांपूर्वी एका शाळेने टाकून दिलेल्या दहांपैकी सात मशीन मी एवढ्याने उठवल्या. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी घातली की तेच यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू होतं. रॅम मात्र सध्या महाग झालीय, टाकाऊ मशीनमधली काढून दुसऱ्यात घाला.

---

दूधसागर
१७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८.२०

माझ्या घरच्या लॅपटॉपला एक वर्षाची मुदतवाढ फुकट मिळाली, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. संस्थेलाही तेच घेता येईल ना?

---

खारा_वारा
१७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.०२

नाही. ती योजना घरगुती वापरासाठी आहे. संस्थांना पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. दुसऱ्या वर्षापासून घ्यायचं म्हटलं तरी पहिल्याचे भरावे लागतात. शिक्षणसंस्थांना १, २ आणि ४ डॉलर, पण त्यासाठी त्यांचा शैक्षणिक परवाना लागतो. तीन वर्षांचे ४२७ डॉलर एका जुन्या मशीनवर घालण्यापेक्षा त्यात नवं मशीन येतं.

---

माजी_कॅशियर
१७ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३.१५

“चालतंय तर हात कशाला लावायचा” म्हणणाऱ्या समिती सदस्यांसाठी लिहितो. मी मडगावात एका पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं होतो. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा आमच्या बैठकीत हेच वाक्य याच शब्दांत झालं होतं, आणि त्याला मान डोलावणाऱ्यांत मी होतो. तीन वर्षं काही झालं नाही. मग मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. जगभरातली रुग्णालयं, कारखाने अडकले. त्यात पुष्कळ मशीन विंडोज ७ च्या होत्या, ज्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती आणि कोणी घेतली नव्हती.

आमच्याकडे वॉनाक्राय आला नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात दुसरंच एक तसलं काहीतरी आलं, एका ईमेलमधून. सकाळी खातेपुस्तकं उघडेनात. बॅकअपची डिस्क होती, पण ती रात्रंदिवस त्याच संगणकाला जोडलेली, त्यामुळे तीही गेली. अकरा दिवस आम्ही कागदी लेजरवरून नोंदी परत भरल्या. पिग्मीचे एजंट रात्री नऊपर्यंत आपापल्या वह्या घेऊन आमच्याशेजारी बसायचे. एका विधवा बाईंची मुदतठेव दोन दिवस सापडत नव्हती. त्या रोज येऊन बाकावर बसायच्या, कोणाला काही बोलायच्या नाहीत. तो बाक मला अजून दिसतो.

आता धोका एका बाबतीत वाढलेला आहे. विंडोज ११ साठी दर महिन्याला दुरुस्ती येते. ती उलगडून पाहणाऱ्यांना कळतं की भोक कुठे होतं, आणि दोन्हींचा बराच भाग सारखा असल्याने तेच भोक विंडोज १० मध्ये पुष्कळदा तसंच उघडं राहतं. सभासदांचे पत्ते, फोन नंबर, आधारच्या प्रती ज्या संगणकावर आहेत, ते आधी बदला. मुलांच्या वर्गातले नंतर बदलले तरी चालतील.

---

ग्रंथाळ
१७ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.३०

डिचोलीकडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. फॉन्टवाल्या यादीतून आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो, ११ हजार नोंदी. जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण तेव्हा आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘किरण’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये उलट, आधी ‘क’. रफाराचंही तसंच. त्यामुळे परिवर्तक वापरला तरी तो बहुतेक नीट करतो आणि नेमका अवघड जागी चुकतो. आमच्याकडे ‘कीर्तन’ नीट आलं, पण ‘दर्शनिका’ बिघडली, आणि ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ असे सगळे शब्द बिघडले.

हा ‘ऱ्य’ नीट समजून घ्या. तो दोन प्रकारे साठवता येतो. एकात ‘ऱ’ हे नुक्त्याचं स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण वाचकाने एका प्रकारे टंकलं आणि यादीत दुसऱ्या प्रकारे असेल तर पुस्तक ‘नाही’ म्हणून दाखवलं जातं. आमचे एक ज्येष्ठ वाचक तीन आठवडे एका पुस्तकासाठी येत होते. संगणक नाही म्हणत होता आणि पुस्तक खिडकीजवळच्या कपाटात होतं. शेवटी त्यांनीच ते बोट ठेवून दाखवलं. ‘ॲ’चंही तेच, एकजीव अक्षर किंवा ‘अ’वर चंद्र. परिवर्तन झाल्यावर शोधा-बदला करून सगळीकडे एकच रूप ठेवा, आणि पुढे टंकणाऱ्या सगळ्यांना एकच कळपाट द्या. आम्ही इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळपाट घेतला.

दुसरं म्हणजे परिवर्तित यादी मूळ फॉन्टमधल्या यादीशी ताडू नका, छापील दाखल रजिस्टरशी ताडा. फॉन्टच्या यादीतही जुन्या चुका असतात. आम्ही दोघी रोज ५० नोंदी करायचो, एक रजिस्टरातून वाचायची आणि दुसरी पडद्यावर बघायची. त्यात सत्तावीस पुस्तकं अशी सापडली की जी यादीत कधी चढलीच नव्हती.

मूळ यादी आणि मूळ फॉन्टची फाइल, दोन्ही जपून ठेवा. फॉन्ट हरवला तर ती यादी वाचता येणारच नाही.

---

गालजीबाग
१८ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७.१०

मुलांच्या वर्गासाठी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम घ्या, बिनदिक्कत. काणकोणला आमच्या शाळेत तीन वर्षांपासून बारा मशीन लिनक्स मिंटवर आहेत, त्यातल्या चार तुमच्यासारख्या चौथ्या पिढीच्या. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या आहेत. मराठी युनिकोड उत्तम चालतं, वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस आहे, आणि मुलांना दोन दिवसांत काही फरक वाटत नाही. शिक्षकांना वाटतो. त्यांच्यासाठी आधी महिनाभर जुन्या विंडोजवरच लिब्रेऑफिस टाका, हाताला सवय होऊ दे, मग खालची सिस्टीम बदला. आम्ही उलट केलं होतं आणि पहिलं सत्र कुरकुर करण्यात गेलं.

टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन जिथे लागतं ते कार्यालयाचं मशीन मात्र विंडोजवरच ठेवा.

---

कुळागर
१८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.५५

देव बरें करूं सगळ्यांना. माजी_कॅशियर, तुमचा प्रतिसाद छापून समितीत वाचून दाखवणार आहे, परवानगी असावी. फॉक्सप्रोचं कोणी सांगेल का? आणि नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, ते कोणाच्या नावाने काढावं?

---

माजी_कॅशियर
१९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.४०

अवश्य वाचा.

खात्याबद्दल एक घडलेली गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत दोन वर्षांपूर्वी नवे लॅपटॉप आले. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने हौसेने सगळं बसवून दिलं आणि खातं मागितलं तिथे स्वतःचं घातलं. त्यात वाईट हेतू काही नव्हता. पुढे त्याचे पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे कागद झाले आणि तो तिकडे गेला. एके दिवशी बायोस अद्ययावत झाल्यावर लॅपटॉपने निळा पडदा दाखवून ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद झाली आहे हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. चावी त्या मुलाच्या खात्यात. त्याची गोदामात रात्रपाळी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने फोनवरून एकेक आकडा वाचून दाखवला, सहा-सहाचे आठ गट, आणि इकडे अध्यक्ष स्वतः लिहून घेत होते. मुलगा चांगला म्हणून निभावलं.

तेव्हा संस्थेच्या नावाचा ईमेल, संस्थेचा फोन नंबर. प्रत्येक मशीनची चावी कागदावर छापून, मशीनचा क्रमांक घालून, इतिवृत्ताच्या कपाटात.

---

खारा_वारा
१९ नोव्हेंबर २०२५, दुपारी १.३०

फॉक्सप्रोसाठी ‘व्हीडॉसप्लस’ किंवा ‘डॉसबॉक्स-एक्स’ बघा. ६४ बिटच्या विंडोजच्या आत डॉसचं वातावरण उभं करतात. एकच माणूस वापरतो ना? मग अडचण नाही. पूर्ण फोल्डर उचला. नोंदींच्या डीबीएफ फाइलींच्या शेजारी एफपीटी फाइली असतील तर त्याही घ्या, शेरे त्यांत असतात. त्या सुटल्या तर टेबल उघडणार नाही. आणि एक प्रत लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा, डीबीएफ थेट उघडते. म्हणजे उद्या प्रोग्रॅम बंद पडला तरी आकडे हातात राहतील.

---

कुळागर
१८ जानेवारी २०२६, सायंकाळी ६.२०

धागा वर काढतोय, काम बरंचसं झालं म्हणून.

समितीने पतसंस्थेचा अनुभव ऐकला आणि चर्चा वीस मिनिटांत संपली. सगळे २३ घ्यायचे नाहीत आणि एकही तसाच ठेवायचा नाही, असं ठरलं. नवे पाच घेतले. कार्यालयाला दोन, देवघेवीच्या काउंटरला दोन, ग्रंथयादीला एक. पाच जुने आणि लॅपटॉप विंडोज ११ वर गेले. दोघांत पीटीटी बंद होतं, आणि एकाची डिस्क एमबीआर होती, तिथे खारा_वारा यांचा क्रम तंतोतंत पाळला. सहाव्या-सातव्या पिढीचे आठ आणि चौथ्या पिढीचे चार एसएसडी घालून मिंटवर, मुलांच्या वर्गासाठी आणि वाचकांना यादी शोधायला. उरलेले दोन सुट्या भागांसाठी. सगळा खर्च अडीच लाखांच्या आत बसला. गोवा मुक्तिदिनाच्या सुट्टीला जोडून शुक्रवार ते रविवार वाचनालय बंद ठेवलं आणि बारा स्वयंसेवकांनी बदल केला. खोडरबर चार लागले.

आता बायचं सांगतो. व्हीडॉसप्लसमध्ये प्रोग्रॅम पहिल्या दिवशी उघडला, पण पावती छापताना मजकूर दोन ओळी खाली यायचा आणि रक्कम चौकटीबाहेर पडायची. डॉट मॅट्रिक्सच्या कागदाची लांबी नव्या विंडोजने वेगळीच धरली होती. अर्ध्या पानाचं माप हाताने भरल्यावर जमलं. मग एफ-२ दाबलं की लॅपटॉपसारख्या छोट्या कळपाटावर आवाज कमी-जास्त व्हायचा. नव्या संगणकाबरोबर आलेला कळपाट तसा होता. तिचा जुना कळपाट, ज्यावरची ‘एस’ आणि ‘एन’ची अक्षरं झिजून गेलीत, तो धुऊन-पुसून तिला परत जोडून दिला. सोमवारी पहिला सभासद आला, तिने नाव विचारलं, त्याच्याकडे बघत तीन अक्षरं टंकली आणि खातं उघडलं. मी मागे उभा होतो. ती वळून म्हणाली, “आधीपेक्षा लवकर उघडतं.”

हा मार्ग कायमचा नाही, हे आम्हाला माहीत आहे. सभासदांच्या नोंदींची लिब्रेऑफिसमधली प्रत दर शनिवारी निघते. बाय पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये निवृत्त होतील, तोवर नवा प्रोग्रॅम तिच्याच सांगण्यावरून बनवायचा आहे. कुठली कळ कशासाठी, थकबाकीदार कोणाला म्हणायचं, अनामत कधी परत द्यायची, हे नियम कुठेच लिहिलेले नाहीत. रोज दुपारी अर्धा तास ती सांगते आणि एक मुलगी वहीत लिहिते. आतापर्यंत ४१ पानं झाली.

बॅकअपच्या दोन डिस्क. एक वाचनालयात, एक खजिनदारांच्या घरी, शनिवारी अदलाबदल. कुठलीही डिस्क जोडलेली राहत नाही. पहिल्याच महिन्यात एक फाइल मुद्दाम पुसून ती डिस्कवरून परत आणून पाहिली.

एकच विंडोज १० राहिलं आहे. जुन्या हस्तलिखितांसाठीचा मोठा स्कॅनर ३२ बिटच्याच ड्रायव्हरवर चालतो. ते मशीन इंटरनेटपासून पूर्ण तोडलंय, वायरही काढली आणि वायफायचं कार्डही. उरलेल्या दोन अति जुन्या मशीनच्या डिस्क काढून ड्रिलने भोकं पाडली, मग सांगाडे अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिले. भंगारवाल्याला दिले नाहीत.

ग्रंथयादी ६,४०० पर्यंत ताडून झाली आहे. ग्रंथाळ, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, आमच्याकडे आतापर्यंत १९ पुस्तकं न चढलेली सापडली. एक विचारायचं होतं, ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ सोडून आणखी कुठे असं दुहेरी रूप होतं का?

---

ग्रंथाळ
१८ जानेवारी २०२६, रात्री ८.०५

होतं. शब्दाच्या मध्ये न दिसणारा जोडक नुसताच राहून गेलेला असतो, विशेषतः ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’च्या आसपास. आणि जुन्या फॉन्टमधला अवग्रह कधीकधी इंग्रजी ‘एस’ होऊन येतो. आम्ही अशा ३४ जागांचा तक्ता केला होता, डावीकडे चुकीचं, उजवीकडे बरोबर. उद्या वाचनालय उघडलं की तुम्हाला निरोपात पाठवते. उरलेल्या साडेअकरा हजारांना आधी तो लावा, मग ताडायला बसा.